दोन दारं, चार चाव्या: जुन्या पिकअपची कुलपं घरी बदलताना

गाडीबरोबर मिळालेल्या जुडग्यात चार चाव्या होत्या, आणि गाडी विकणाऱ्या शेतकरी आजोबांना त्यातल्या तिघींचीच ओळख होती. चौथी कशाची, हे त्यांनाही आठवेना. "असू दे, कधीतरी लागेल," म्हणाले आणि जुडगा माझ्या हातावर ठेवला.

गाडी म्हणजे १९८५ सालची शेवरोले सी-१०. आम्ही राहतो अमेरिकेतल्या इंडियानात, गावाच्या कडेला. खत, लाकडं, जुना सोफा असलं काहीबाही वाहायला मला एक पिकअप हवी होती. इंजिन ठीक होतं, पत्रा बरा होता, कुलपांचा मात्र सगळा गोंधळ. ड्रायव्हरच्या दाराला एक चावी, शेजारच्या दाराला दुसरी, इग्निशनला तिसरी. शेजारच्या दाराचं कुलूप कधीतरी भंगारातल्या दुसऱ्या गाडीचं काढून बसवलेलं. इग्निशन तर इतकं झिजलेलं की गाडी चालू असताना चावी अलगद बाहेर काढता येई. त्यात ही गाडी बरीच वर्षं शेतावर वावरलेली. हंगामी कामगार, पुतणे, शेजारी, कुणाकुणाकडे तिच्या जादा चाव्या असतील याचा हिशेब आजोबांकडे नव्हता.

नवरा म्हणाला, "एका गाडीला चार चाव्या? आमच्या वाड्याच्या दिंडीदरवाजालासुद्धा एकच होती."

सरळ मार्ग होता. दोन्ही दारांची नवी कुलपं, एकाच चावीची, तयार जोडीत मिळतात आणि महागही नसतात. ती आणून बसवली असती तर एका दुपारचं काम. पण मूळ कुलूप धातूने जड, दाराच्या पत्र्यात नीट बसणारं, ते फेकायला मन होईना. आणि खरं सांगायचं तर मला ते उघडून बघायचं होतं. गाडी १९८५ ची असल्यामुळे हे शक्यही होतं. १९८६ साली याच कंपनीने कॉर्व्हेट या आपल्या स्पोर्ट्स गाडीच्या चावीत विद्युतरोधाची बारीक गोळी बसवली. पुढे चिपा आल्या आणि चावी म्हणजे नुसता कापलेला पत्रा राहिली नाही. माझ्या गाडीची चावी अजून नुसता पत्राच होती.

आधी चाव्यांबद्दल. शेवरोले ही जनरल मोटर्सचीच, आणि त्या काळातल्या जनरल मोटर्सच्या गाड्यांना मुळातच दोन चाव्या असत. चौकोनी डोक्याची इग्निशनची, गोल डोक्याची दारांची. दोघींच्या अंगावरच्या उभ्या खोबणी वेगळ्या, त्यामुळे एक दुसरीच्या कुलपात शिरतच नाही. हॉटेलाबाहेर गाडी लावायला दिली तर चौकोनी चावी द्यायची आणि गोल खिशात ठेवायची, म्हणजे डिकी आणि समोरचा कप्पा बंद राहतो, अशी ती सोय. तेव्हा सगळ्या गाडीला एकच चावी करणं या कुलपांत शक्य नव्हतं. मी ठरवलं ते एवढंच: दोन्ही दारांना एक गोल चावी, इग्निशनला एक चौकोनी, आणि जुन्या चारपैकी एकही कुठे चालता कामा नये.

शेजारच्या दारापासून सुरुवात केली. काच वर घेतली, हात टेकायच्या पट्टीचे स्क्रू काढले. काच फिरवायच्या दांड्यामागे घोड्याच्या नालेसारखी तारेची क्लिप असते. फडक्याची कड दांड्याच्या मागे घालून इकडून तिकडे ओढली की ती उडून येते. (कुठे उडते हे बघायला दुसरं माणूस हवं. माझी क्लिप पावसाळी बुटात सापडली.) आतलं पॅनल काढलं, हात आत घातला. कुलपाला आतून धरून ठेवणारी एक चपटी, इंग्रजी यू अक्षरासारखी पट्टी असते. ती स्क्रूड्रायव्हरने सरकवली, मागचा जोड सोडवला आणि कुलूप बाहेरून हातात आलं.

टेबलावर मी स्टीलची परात घेतली, तीत पांढरं फडकं पसरलं आणि सगळं काम परातीतच केलं. या कुलपात सहा स्प्रिंगा असतात, एकेक तिळाहून थोडी मोठी. गॅरेजच्या जमिनीवर पडली की ती गेली म्हणून समजायचं.

कुलपाच्या तोंडावरची पातळ स्टीलची टोपी कडेने उचकटली, मागचा पंजा काढला आणि त्याच कुलपाची चावी आत ठेवून मधला गाभा बाहेर ओढला. आत सहा पितळी पाती, ओळीने. इथे मला सांगलीची आठवण झाली, आणि त्या आठवणीनेच माझी पहिली संध्याकाळ वाया घालवली.

माझ्या वडिलांचं स्टेशनरीचं दुकान होतं. गल्ल्याच्या दोन खणांना दोन चाव्या होत्या आणि त्यातली एक नेहमी हरवायची. एकदा त्यांनी एस.टी. स्टँडबाहेरच्या चावीवाल्याला बोलावलं. तो लाकडी पेटी घेऊन आला, दुसऱ्या खणाचं कुलूप काढलं, त्याच्या गाभ्यात पहिल्या खणाची चावी घातली आणि जी पाती गाभ्याच्या बाहेर डोकावत होती ती कानशीने घासून सपाट करून टाकली. पाच मिनिटांत दोन्ही खण एका चावीने उघडायला लागले. मी आठ-नऊ वर्षांची असेन. मला ती जादूच वाटली होती.

ती युक्ती चुकीची नव्हती. साध्या कुलपात चावी नसते तेव्हा पाती गाभ्याबाहेर येतात आणि कवचातल्या खोबणीत अडकतात, म्हणून गाभा फिरत नाही. बरोबर चावी घातली की सगळी पाती गाभ्याच्या अंगाशी समतल होतात. मग जे पातं डोकं वर काढतं त्याचं डोकंच उडवलं की काम झालं. कुलूप थोडं सैल पडतं, दुसऱ्या एखाद्या चावीनेही उघडू शकतं, पण गल्ल्याच्या खणाला तेवढं पुरतं.

मीही तेच केलं. ड्रायव्हरच्या दाराची चावी शेजारच्या दाराच्या गाभ्यात घातली. दोन्ही चाव्यांची खोबण एकच होती, त्यामुळे ती शिरली. दोन पाती इतरांपेक्षा वर दिसली. मी बारीक कानस घेतली आणि ती घासली. गाभा कवचात घातला. फिरेना. अजून घासलं. फिरेना. रात्री अकराला नवरा दारात येऊन म्हणाला, "पितळाचा भुगा फार झालाय गं, पाती शिल्लक आहेत ना?"

सकाळी उजेडात भिंग घेऊन बघितलं तेव्हा कळलं की मी ज्या टोकाला घासत होते त्या टोकाचा अडवण्याशी काही संबंधच नव्हता. या कुलपात पाती कवचात अडकतच नाहीत. गाभ्याच्या कुशीला लांबीभर एक आडवी पट्टी बसवलेली असते, आणि गाभ्याला अडवते ती पट्टी. प्रत्येक पात्याच्या कडेला व्ही आकाराची एक खाच असते. योग्य चावी आत गेली की सहाही खाचा एका रेषेत येतात, दोन बारीक स्प्रिंगा त्या पट्टीला आत ढकलतात, पट्टी खाचांत बसते आणि गाभा मोकळा होतो. पाच खाचा जुळल्या आणि सहावी केसभर चुकली, तरी पट्टी बाहेरच. पातं वरून कितीही घासा, त्याची खाच जिथे आहे तिथेच राहणार. ब्रिग्स अँड स्ट्रॅटन या कंपनीने १९३५ मध्ये जनरल मोटर्सच्या गाड्यांसाठी ही रचना आणली. आज लोक या कंपनीला गवत कापायच्या यंत्राच्या इंजिनामुळे ओळखतात. मिलवॉकीतला तिचा कुलपांचा विभाग १९९५ मध्ये वेगळा होऊन स्ट्रॅटेक नावाने चालू राहिला.

म्हणजे सांगलीच्या चावीवाल्याची कानस इथे निरुपयोगी. इथे पातं घासायचं नसतं, बदलायचं असतं. पाती पाच प्रकारची. बाकी सगळी सारखी, फक्त कडेची खाच वर-खाली. प्रत्येकावर १ ते ५ यांपैकी एक आकडा ठोकलेला. चावीवरच्या खाचेच्या खोलीचेही तेच पाच आकडे. चावीवर डोक्याकडून सुरुवात करून सहा आकडे वाचायचे आणि त्याच क्रमाने पाती बसवायची. बस, हीच ती किल्ली बदलण्याची सगळी विद्या.

गावातल्या कुलपांच्या दुकानात गेले. दुकानदाराने आधी गाडीची कागदं मागितली, ते मला योग्यच वाटलं. मग एका डबीतून प्रत्येक आकड्याची चार-चार पाती, मूठभर स्प्रिंगा आणि स्प्रिंगांवर बसणाऱ्या दाबपट्ट्या दिल्या. चहा-नाश्त्याच्या पैशात झालं.

दुसरी चूक यानंतरची, आणि ती जास्त शिकवणारी होती.

मला शेजारचं दार ड्रायव्हरच्या चावीशी जुळवायचं होतं. चावीचे आकडे काढायला मी व्हर्नियर कॅलिपर घेतला. १ आकड्याच्या खाचेत चावीची उरलेली उंची ०.३१५ इंच असते. पुढची प्रत्येक पायरी ०.०२५ इंचाने खाली: ०.२९०, ०.२६५, ०.२४०, ०.२१५. एक पायरी म्हणजे जेमतेम ०.६४ मिलिमीटर. पाच खाचा नीट वाचल्या गेल्या. चौथी भरली ०.२५० इंच. तिसऱ्या पायरीपासून पंधरा हजारांश दूर, चौथीपासून दहा. जवळची धरायची, शाळेत शिकवतात तसं. मी ४ लिहिला.

सहाही पाती घातली. आडपट्टी बोटाने बाहेर ओढून धरली म्हणजे पाती तळाशी बसतात. मग चिमट्याने एकेक स्प्रिंग. स्प्रिंगा एकमेकींत गुंतल्या तर ओढायच्या नाहीत, ताणून निकामी होतात; स्क्रूसारख्या पिळून वेगळ्या करायच्या. वरून दाबपट्टी ठेवली, ती अजून ठोकली नाही, आणि चावी घातली. आडपट्टी टक् करून आत बसली. मी एकटीच गॅरेजमध्ये हसले.

नव्या चाव्या कापून घ्यायला तेच सहा आकडे चिठ्ठीवर लिहून दुकानात नेले. जुनी चावी देऊन नक्कल काढायची नव्हती. नक्कल करणारं यंत्र झीजही इमानेइतबारे उतरवतं, आणि नकलेची नक्कल झाली की ती चूक वाढत जाते. दुकानदाराने चिठ्ठी वाचली आणि परत माझ्याकडे सरकवली. "हा आकडा कारखान्यातून निघूच शकत नाही," तो म्हणाला. माझ्या चिठ्ठीत तिसरी खाच १ होती आणि चौथी ४. या कुलपांत शेजारच्या दोन खाचांमध्ये दोन पायऱ्यांपेक्षा जास्त फरक ठेवत नाहीत. चढ फार उभा झाला तर पातं त्यावरून सरकताना अडकतं आणि चावी आत-बाहेर नीट होत नाही. १ च्या शेजारी जास्तीत जास्त ३.

घरी येऊन ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. तेच सगळं पुन्हा, या वेळी क्लिप हातातच आली. गाभा काढला, चौथं पातं चिमट्याने उचलून भिंगाखाली धरलं. त्यावर ३ ठोकलेला होता.

चावी झिजते ती एकाच दिशेने. पितळ कमी होतं, वाढत नाही. म्हणून दोन पायऱ्यांच्या मध्ये कुठे माप आलं तर जवळची पायरी धरायची नसते, वरची धरायची असते. ड्रायव्हरचं दार चावी हलवून-हलवून उघडायला लागायचं त्याचं कारणही हेच. कुलूप म्हातारं झालं असं मी समजत होते, पण वय झालं होतं चावीचं. आणि मी शेजारच्या दाराचं कुलूप त्या झिजलेल्या चावीला अनुरूप करून ठेवलं होतं. चांगलं चाललंही असतं, चावी आणखी झिजेपर्यंत.

आता दोन्ही कुलपं परातीत उघडी पडली होती. मग जुना आकडा तरी का ठेवायचा? जुन्या चाव्या कुणाकडे आहेत ते माहीत नाही, ही तर मुळातली तक्रार. मी दोन्ही गाभ्यांतली पाती आणि दुकानातून आणलेली पाती आकड्यांप्रमाणे पाच ढिगांत लावली, पुरणपोळीच्या तयारीसारखी, आणि नवा आकडा ठरवला. तीन गोष्टी बघितल्या. शेजारी-शेजारी फरक दोनपेक्षा जास्त नको. सगळ्या खाचा उथळ नकोत, नाहीतर आडपट्टी चाळवायला सोपी. आणि जुन्या दोन्ही आकड्यांपासून निदान तीन जागी फरक हवा, म्हणजे झिजलेली जुनी चावी चुकून हलवून-हलवून चालायची नाही. आकडा इथे लिहीत नाही. गाडी रोज रात्री अंगणातच उभी असते.

कानशीने खराब केलेली दोन पाती वेगळी काढली. ती अजून माझ्या टेबलाच्या खणात आहेत.

या वेळी क्रम उलटा केला. आधी दुकानात आकडा देऊन त्यावरून दोन नव्या चाव्या कापून आणल्या, आणि मग त्या कोऱ्या, न झिजलेल्या चाव्यांवर कुलपं पडताळली. दोन्ही गाभ्यांत आडपट्टी पूर्ण आत, बोट फिरवलं तर कड लागत नाही. चावी काढली की पट्टी बाहेर. दहा-दहा वेळा केलं. मगच गाभा लाकडाच्या दोन तुकड्यांमध्ये धरून दाबपट्टीच्या टोकांशी बारीक पंचाने धातू ठोकून ती पक्की केली. हे ठोकणं परत सोडवता येतं, पण प्रत्येक वेळी थोडा धातू जातो. तीनदा-चारदा केलं की धरायला काही उरत नाही. म्हणून ठोकण्याआधी घाई करू नये. मी शेजारच्या दाराचं अजून ठोकलं नव्हतं म्हणूनच ४ चा घोळ स्वस्तात सुटला.

तोंडावरची स्टीलची टोपी एकीकडे उचकटताना फाटली होती. तिच्या जागी नवी बसवली. आत तेल घातलं नाही. आमच्याकडे जानेवारीत पारा शून्याच्या बराच खाली जातो, तेल धूळ धरतं आणि थंडीत चिकट होतं. ग्रॅफाइटची भुकटी चिमूटभर.

दारात कुलूप परत बसवल्यावर पॅनल लावण्याआधी तपासणी, आणि ती दार उघडं ठेवून. कडी स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद केल्यासारखी करायची आणि चावीने उघडायची. दार लावून तपासलं आणि आतला जोड निसटलेला असला, तर पॅनलच्या आत हात घालायला दारच उघडत नाही. हे मला अनुभवाने नाही, शहाणपणाने सुचलं, याचा मला अजून अभिमान आहे.

इग्निशनच्या बाबतीत मी हे काही केलं नाही. स्टिअरिंगच्या खांबातलं कुलूप आतून झिजलेलं होतं, नुसती पाती बदलून त्याची झीज भरून निघाली नसती. दोन चाव्यांसकट नवं सिलिंडर पंचवीस डॉलरच्या आत मिळालं. ते बसवण्यासाठी मात्र बॅटरीची ऋण तार काढणं, पुलर लावून स्टिअरिंग काढणं, मधली ताटली दाबून तिची कडी सोडवणं, इंडिकेटरचा खटका मोकळा करून वर ओढणं इतकं सगळं करावं लागलं. मग कुलूप 'चालू'वर फिरवायचं आणि त्याला धरणारा एकच स्क्रू काढायचा. तो स्क्रू खांबात पडला तर पूर्ण खांब खोलावा लागतो. मी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला चुंबक लावून घेतलं होतं, तरी स्क्रू एकदा निसटलाच, आणि वायरींच्या जुडग्यावर अडकून राहिला. त्या दोन मिनिटांत मी श्वास घेतला नसावा. घरी हे काम करणाऱ्याने खांबाच्या तोंडाशी आधी फडकं कोंबावं.

मग जुन्या चारही चाव्या घेऊन गाडीभोवती फेरी मारली. प्रत्येक चावी प्रत्येक कुलपात, जोर न लावता, हलवून, अर्धी बाहेर काढून. एकही चालली नाही. चौथी चावी तर कुठे शिरलीही नाही. ती या गाडीची कधी नव्हतीच. आजोबांना फोन करून सांगितलं. ते जरा थांबून म्हणाले, मग ती धान्याच्या कोठाराची असेल, पण कोठार २०११ सालीच पाडलं.

तीन संध्याकाळी आणि एक रविवार गेला. खर्च नव्या इग्निशनसकट पन्नास डॉलरच्या आसपास. नवऱ्याने एक जोडी आपल्या कडीत अडकवली. परवा बर्फात रात्री उशिरा तो गाडी काढायला गेला, बाहेरचा दिवा गेलेला. हातमोजे काढून त्याने अंगठ्याने चाचपलं: गोल ती दाराची, चौकोनी ती इग्निशनची.